मिरजेला न सांगितलेली गोष्ट

लेले मास्तर, मी कुंडलच्या शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मराठी चौथीच्या पुढे गेले नव्हते. मी बी.ए. झालो आणि आज पाटणच्या शाळेत इंग्रजी शिकवतो, ते केवळ तुमच्यामुळे. हे मी तुम्हाला तोंडावर कधी म्हटले नाही. म्हटले असते तर तुम्ही चष्मा वर करून म्हणाला असता, "वाक्य शुद्ध आहे. आता कामाचं बोल."

तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. मला एका जागी बसवत नाही. वर्गात फळ्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून फळ्यापर्यंत फिरतो. मुले एकमेकांकडे बघतात. जेवायला बसतो आणि दोन घासांवर उठतो. सांगलीला आणि साताऱ्याला तुमच्या ओळखीची माणसे भेटतात, तुमचे अक्षर, तुमचे व्याकरण, तुमचा करडेपणा यांच्या आठवणी काढतात. आजाराचा विषय निघाला की म्हणतात, "शेवटी पायांनी दगा दिला हो."

पायांनी नाही, मास्तर. पाय ओढू लागले तेव्हा तुम्ही काठी घेतलीत. मग दोन काठ्या. मग खाट. खाटेवरूनही तुम्ही दिवसाला दोन पोरांची इंग्रजी तपासत होतात. तुम्हाला घरात कोंडले ते लघवीने. हा शब्द लोकांसमोर काढायला मला अजूनही जमत नाही, आणि याच गोष्टीने माझी झोप उडवली आहे.

साताऱ्याच्या शाळेत मी इंग्रजी सहावीत होतो, वर्गाचा मॉनिटर. तुमचा उजवा पाय तेव्हा नुकता ओढू लागला होता. एका दुपारी शेवटची घंटा झाली, मुले गेली, तुम्ही खुर्चीवरून उठला नाहीत. मी फळा पुसत होतो. तुम्ही म्हणालात, "दिनकर, शिक्षकांच्या खोलीतून माझा लांब कोट आण." चैत्रातले ऊन होते. मी काही न विचारता कोट आणला. तुम्ही तो बसल्या बसल्या चढवलात, बटणे लावलीत आणि मग उभे राहिलात. खुर्ची ओली होती. मी ती बघितली, आणि मी बघितल्याचे तुम्ही बघितलेत. तुम्ही गेल्यावर मी खुर्ची पुसली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला टेबलापाशी बोलावलेत.

"प्रत्येक दुसऱ्या तासाची घंटा झाली की मी पाच मिनिटं बाहेर जाईन. तेवढा वेळ धडा तू वाचून घ्यायचा."

"मास्तर, तेव्हा लागली नसली तर?"

"लागण्याची वाट बघितली की उशीर होतो. ती आता वेळेवर वर्दी देत नाही. म्हणून मीच तिला वेळ नेमून दिली आहे."

उशिरा येणाऱ्या एखाद्या मुलाबद्दल बोलावे तसे तुम्ही बोललात. आणि तो मुलगा सुधारलाही. जवळजवळ दोन वर्षे तुमचे शरीर शाळेच्या घंटेवर चालले. कोट पुन्हा लागला नाही. त्या पाच-पाच मिनिटांत मी शिकवायला शिकलो. पहिल्याच दिवशी माझ्या तोंडून "या धड्यात काय हाय" असे निघाले आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "कुंडलचं मास्तर आलं रं." तुम्ही परत आलात तेव्हा वर्ग हसतच होता. दारातूनच तुम्ही म्हणालात, "हसणाऱ्यांपैकी एकाने पुढचा परिच्छेद त्याच्यासारखा न अडखळता वाचावा." कोणाला जमले नाही. मला त्या दिवशी आपण पुढे काय व्हायचे ते कळले.

पण त्याच दिवसांत तुम्ही पाणी तोडायला लागलात. सकाळी एक फुलपात्र, संध्याकाळी एक. चहा बंद, ताक बंद. तुमच्या घरी काकू मला म्हणाल्या, "यांना पाण्याचा उपास लागलाय. कुठल्या देवाचा ते सांगत नाहीत." मला तो तुमचा संयम वाटला. माझी भक्ती एवढी की मीही शाळेत पाणी प्यायचे सोडले. 'इंद्रियनिग्रह' या विषयावर निबंध आला तेव्हा मी तुमचे नाव न घेता तुमचेच उदाहरण दिले. तुम्ही दहापैकी आठ गुण दिलेत. समासात एक अक्षर लिहिले नाहीत. तुम्हाला तेव्हा माझा राग आला होता का? का हसू आले? हे विचारायचे राहिले.

मग मिरज. पाय फारच जड झाला तेव्हा हेडमास्तरांनी तुम्हाला तिथल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचे ठरवले. काकूंना प्रवास सोसवत नव्हता, म्हणून बरोबर मी. सातारा रोडला गाडी धरली. गाडीत तुम्ही ओठसुद्धा ओले केले नाहीत. तपासणीच्या खोलीत मी तुम्हाला हाताला धरून आत नेले आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, तळव्यावर किल्ली ओढली, डोळे मिटून उभे राहायला सांगितले. पाठीच्या कण्यातला दोष आहे म्हणाले, हळूहळू वाढणारा. मग विचारले, "लघवीचा काही त्रास?"

तुम्ही म्हणालात, "नाही."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तू यांच्याबरोबर असतोस ना? तुला काही सांगायचं आहे?"

मी तुमच्या पायांकडे बघितले. म्हणालो, "मास्तर सांगतात ते बरोबर आहे."

परक्या माणसासमोर गुरूचा शब्द खोटा पाडायचा नसतो, हे मला कोणी शिकवावे लागले नव्हते. मला त्या वेळी आपण चुकलो असे वाटलेही नाही. उलट मान राखला असे वाटले. डॉक्टर म्हणाले, "तसं काही सुरू झालं तर लगेच या. त्यात थांबू नका." परतीच्या गाडीत तुम्ही काकूंनी दिलेल्या दशमीचा मोठा अर्धा मला दिलात. खिडकीतून माझ्या गावची शेते गेली.

त्यानंतरचे दीड वर्ष मला पुन:पुन्हा मोजावेसे वाटते. मी मॅट्रिक झालो. तुम्ही खटपट करून मला सांगलीच्या कॉलेजात घातलेत. सहा महिन्यांनी नोकरी सोडून तुम्हीही सांगलीला आलात, काकूंच्या भावाच्या गावभागातल्या दोन खोल्यांत. तोवर घंटेचा उपाय संपला होता. वेळेवर जायचे, बसायचे आणि काही व्हायचे नाही. तुम्ही ओटीपोट हाताने दाबत होतात. मग दिवसभर थेंब थेंब. काकू धोतरे धुऊन मागच्या बाजूला वाळत घालायच्या, रस्त्याकडून दिसू नयेत म्हणून.

एके दिवशी हुडहुडी भरून ताप आला. पेठेतले डॉक्टर आले. त्यांनी बेंबीखाली हात ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला. "अहो, लघवीची पिशवी गच्च भरलेली आहे. थेंब जातात म्हणजे रिकामी होते असं नाही, भरून सांडते आहे." त्यांनी रबराची नळी उकळून आणायला लावली आणि ती घातली. एक भांडे भरले. मी दुसरे आणले. तेही अर्धे झाले. तुम्ही डोळे मिटून घेतलेत आणि तुमच्या कपाळावरची आठी गेली. किती दिवसांनी गेली असेल, देव जाणे.

"कधीपासून हे?" डॉक्टरांनी विचारले.

तुम्ही भिंतीकडे बघितले. मी म्हणालो, "दोन वर्षं झाली."

"आधी कुणाला दाखवलं नाही?"

"मिरजेला दाखवलं होतं."

"त्यांना सांगितलं होतं का?"

मी भांडी उचलून मागच्या बाजूला रिकामी करायला गेलो.

सल्फाच्या गोळ्यांनी ताप उतरला. नळी मात्र रोज दोनदा घालावी लागणार होती, सकाळी आणि संध्याकाळी, नाहीतर पाणी मागे मूत्रपिंडांवर चढेल असे डॉक्टर म्हणाले. घालायची कोणी? कंपाउंडर आठ दिवस आला. तुम्हाला त्याचे येणे नको झाले, कारण तो गल्लीच्या तोंडाशी उभा राहून सगळ्यांशी गप्पा मारायचा. त्याला बंद केलेत आणि पुन्हा पाणी तोडलेत.

तेव्हा माझा थोरला भाऊ सदाशिव लष्करातून सुटून आला होता. लढाईभर तो लष्करी इस्पितळात जखमी माणसांच्या शुश्रूषेला होता आणि आता माधवनगरच्या एका गिरणीच्या दवाखान्यात मलमपट्टी करायचा. मी त्याला दुसऱ्याच दिवशी तुमच्याकडे आणला. तुमच्या घरी यायचे म्हणून त्याने फेटा बांधला होता. जमिनीवर मांडी घालून बसला आणि त्याने सरळ विचारले.

"मास्तर, पानी किती पिता?"

"एक फुलपात्र."

"दिसाला? आवं, माझी म्हस बी मरंल त्यात. पाठीत गोळी लागलेली मानसं हुती आमच्याकडं. कमरंखाली समदं गार. त्यास्नी आमी धा-धा पेले पानी पाजायचो. पानी तोडलं की मूत घट्ट हुतंय, घट्ट झालं की कुजतंय, आन् कुजलं की ताप. मग सायब आमास्नी धरायचा."

काकू दाराआड होत्या. तिथून म्हणाल्या, "सांगा, सांगा त्यांना. माझं ऐकत नाहीत."

तुम्ही म्हणालात, "सदाशिव, तुला हे बोलायला संकोच नाही वाटत?"

"वाटला असता मास्तर, तुमी मला बी साळंत घातला असता तर. आमी अडानी. मुतायला मुतनंच म्हनतो."

किती तरी महिन्यांनी तुम्ही पोट धरून हसलात. त्याच संध्याकाळी दादाने पहिली नळी घातली. आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, नळी उकळली, ग्लिसरीन लावले. कुठे अडली की जोर करायचा नाही, तुम्हाला लांब श्वास घ्यायला सांगायचे आणि थांबायचे, ही त्याची पद्धत. माधवनगरहून तो रोज दोनदा सायकलने यायचा. तुमचा चेहरा भरला. खुर्चीत बसून तुम्ही पुन्हा मुलांना शिकवू लागलात. मला या कामाला तुम्ही हात लावू दिला नाहीत. "तो शिपाई आहे," म्हणायचात, "तू विद्यार्थी आहेस."

मी बी.ए. झालो आणि पाटणला नोकरी लागली. त्याच पावसाळ्याच्या शेवटी आमच्या वडिलांचा हात मोडला आणि दादाला आठ-दहा दिवसांत गिरणी सोडून कुंडलला शेतावर जावे लागणार होते. दर रविवारी येणे त्याला जमेल, रोज नाही. मी धावत सांगलीला आलो आणि म्हणालो, नोकरी सोडतो, इथेच राहतो, नळी मी घालतो.

तुम्ही इतके ओरडलात की काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "तुझ्या घरातला पहिला बी.ए. माझी मुताची भांडी उचलायला?"

"मग काकूंना शिकवू द्या मला."

"ती सोवळ्यात स्वयंपाक करते. दिवसातून दोनदा तिने हे करायचं, दोनदा नहायचं? या वयात? आणि चाळीस वर्षांत तिने मला असं पाहिलं नाही."

तेव्हा माझा तोल गेला. मी म्हणालो, "मिरजेला तुम्ही खोटं सांगितलंत, त्याचे हे भोग आहेत."

तुम्ही एकदम शांत झालात. "तू खोलीत होतास म्हणून खोटं सांगितलं. एकटा असतो तर सांगितलं असतं."

"मग मला बाहेर का नाही बसवलंत?"

"तू मला एवढं हाताला धरून आत आणलंस. बाहेर बस म्हणालो असतो तर तुला वाईट वाटलं असतं."

मी पाया पडलो नाही, तसाच निघालो आणि संध्याकाळची गाडी पकडली. ते भांडण आपण पुन्हा कधी काढले नाही. मी मात्र रोज काढतो, एकटाच. कधी तुमच्या बाजूने बोलतो, कधी माझ्या.

पाटणला पोचल्यावर मी तुम्हाला पत्र लिहिले. उत्तर तुमच्याकडून आले नाही. सातव्या दिवशी काकूंचे कार्ड आले. "शिकले. पहिल्या वेळी मी घाई केली, तर म्हणाले, घाई करणाऱ्या मुलींचे गुण जातात. नळीचं पातेलं नि शेगडी पडवीत वेगळी केली आहे. सकाळचं आंघोळीआधी उरकते, संध्याकाळी लुगडं बदलते. दोनदा नहायला मला कोणत्या देवाने सांगितलं आहे? आज सहा फुलपात्री प्यायले."

त्यानंतर तुम्ही अडीच वर्षे जगलात, मास्तर. मी सुट्टीत यायचो तेव्हा बघायचो. एकदा पेठेतल्या डॉक्टरांनी तासगावकडची एक बाई काकूंकडे पाठवली. तिच्या नवऱ्याची तीच गत झाली होती. काकू तिला पडवीत दाखवत होत्या आणि तुम्ही आतून खाटेवरून ओरडत होतात, "नखं बघा आधी तिची. नखं कापली आहेत का?" ती बाई घाबरून म्हणाली, "आवं, हे कोन म्हनायचं?" काकू म्हणाल्या, "ते होय? ज्यांच्यावर मी शिकले ते." मी तिथे उभा होतो आणि मला वाटले, आता सगळे ठीक झाले.

ठीक झाले नव्हते. मूत्रपिंडे आतून खराब होत होती. तुमच्या शेवटच्या आठवड्यात मी पेठेतल्या डॉक्टरांना गाठून विचारले, मिरजेला त्या दिवशी सांगितले असते तर? ते म्हणाले, "कण्याचा रोग तर थांबला नसताच. मूत्रपिंडं मात्र एवढी गेली नसती, कदाचित." त्या 'कदाचित'ने मला धरून ठेवले आहे. मी त्याला कधी इकडे ओढतो, कधी तिकडे. तुम्ही असता तर म्हणाला असता, क्रियाविशेषणाने वाक्य हलते, पडत नाही. पण तुम्ही नाही, आणि मला ते वाक्य एकट्याने धरवत नाही.

तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी पडवीत शेगडी पेटवली, पातेल्यात पाणी ठेवले आणि नळी टाकली. उकळी फुटल्यावर त्यांच्या लक्षात आले. मी तिथेच होतो. त्यांनी शेगडी विझवली नाही. म्हणाल्या, "उकळू दे. तासगावच्या बाईची परवा तुटली होती म्हणे." नळी त्यांनी स्वच्छ फडक्यात गुंडाळून माझ्याबरोबर डॉक्टरांकडे पाठवली. मग कपाटातून माझे पाटणहून लिहिलेले ते पत्र काढून मला दिले. मला वाटले, तुम्ही त्यात कुठे तरी चुका दुरुस्त केल्या असतील. शाईचा एक ठिपका नव्हता. फक्त घड्या इतक्या मऊ झाल्या होत्या की कागद उलगडताना फाटेल असे वाटले.

ते पत्र असे होते:

पाटण, सोमवार.

ती. मास्तरांस दिनकरचा सा. न. वि. वि.

परवा मी पाया न पडता निघालो याची क्षमा मागतो. बाकी कशाची मागत नाही.

गाडीत मला एक गोष्ट कळली, ती लिहितो. मिरजेला तुम्ही माझ्यासाठी खोटे बोललात आणि मी तुमच्यासाठी. आपण एकमेकांची लाज राखली, आणि त्याची शिक्षा तुमच्या शरीराला झाली. आता तीच चूक तुम्ही काकूंच्या बाबतीत करत आहात. काकूंना काय सोसेल हे तुम्ही त्यांना विचारलेले नाही. मी निघताना त्या दारापर्यंत आल्या होत्या. म्हणाल्या, "मला येईल रे ते. मला कोणी विचारतच नाही."

त्यांना विचारा. मग त्यांना शिकवा. तुमच्याइतके चांगले शिकवणारा मला अजून भेटलेला नाही. दादा कसे करतो ते तुम्ही रोज पाहिले आहे. नखे कापलेली, हात कोपरापर्यंत साबणाने धुतलेले, नळी वीस मिनिटे उकळलेली, ग्लिसरीन. अडली तर जोर नाही. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, न चुकता. लघवी गढूळ दिसली किंवा थंडी वाजली तर त्याच दिवशी डॉक्टर. रविवारी दादा येऊन बघेल.

आणि पाणी प्या. माझ्या इंद्रियनिग्रहाच्या निबंधाला तुम्ही आठ गुण दिले होते. तो निबंध चूक होता. ते गुण मी परत करतो.

मी पाटणला राहीन. पण आठ दिवसांत काकूंच्या हातचे कार्ड आले नाही तर राजीनामा देऊन तिथे येईन. मग तुम्ही कितीही ओरडलात तरी मी ऐकणार नाही.

पत्राच्या शेवटी 'आपला आज्ञाधारक' असे लिहायला तुम्हीच मला शिकवले. आज ते लिहीत नाही.

आपला,
दिनकर